चिंचेखालचे तीन दुधी

सोनाळ्याहून बुलढाण्याला बिऱ्हाड हलवताना मायनं बैलगाडीत भांडी कमी आणि बियाणं जास्त भरलं होतं. राखेत घोळवलेलं वांग्याचं बी, दोडक्याचं, वालाचं, मिरचीचं, प्रत्येकाची फडक्यात बांधलेली वेगळी पुरचुंडी, आणि एक वाळून खडखडीत झालेला दुधी, ज्याच्या पोटात पुढच्या वर्षाचं बी खुळखुळायचं. तो दुधी वाटभर माझ्या मांडीवर होता आणि घाट चढताना मी तो इतका वाजवला की गाडीवानानं मला गाडीतून उतरून चालायला लावलं. माय भाजीवाल्यांच्या घरातली. माहेरी मळा, मोट, पहाटे बाजाराला निघणारी गाडी, हे सगळं तिच्या अंगात मुरलेलं. अण्णा आमच्या घरातले पहिले शिकलेले. त्यांना बुलढाण्याच्या कचेरीत कारकुनी मिळाली तेव्हा साऱ्या गावाला आनंद झाला, मायनं मात्र एकच विचारलं, "घरामांगं जागा हाय ना?" अण्णा म्हणाले, "हाय. लय मोठी हाय." अण्णा खोटं बोलले नव्हते. घर ठरवताना त्यांनी परसातली जमीन नीट पाहिली होती, फक्त मान वर करून पाहिलं नव्हतं.

वर चिंच होती. परसाच्या अगदी मधोमध, दोघांच्या कवेत न मावणाऱ्या बुंध्याची, आणि तिच्या फांद्या चारही भिंतींच्या पलीकडे गेलेल्या. भर दुपारी परसात गेलं तरी दिवेलागण झाल्यासारखं वाटायचं. जमीन ओलसर, थंड, वरून सारखा बारीक पाल्याचा सडा, आणि सकाळ झाली की वानरांची टोळी हजर. ती फांद्या हलवायची, कचेरीची घंटा झाली की दचकून ओरडायची, आणि अण्णा त्याच घंटेला दचकून पगडी शोधायचे. मला त्या दोन्ही गोष्टींची इतकी मजा वाटायची की मी रोज त्या वेळेला मुद्दाम दारात उभी राहायचे. मायनं पहिल्या दिवशी परसात उभं राहून झाडाकडे बराच वेळ पाहिलं आणि मग अण्णांकडे त्याहून जास्त वेळ पाहिलं. चिंच तोडायची सोय नव्हती. घरमालक तिच्या चिंचा विकायचा आणि भाडं ठरवताना त्यानं अण्णांना बजावून सांगितलं होतं की फांदीला हात लावायचा नाही. चिंचेच्या सावलीत काही येत नाही, हे गल्लीतल्या प्रत्येक बाईनं येऊन मायला एकेकदा सांगितलं. माय प्रत्येकीला म्हणायची, "पाहू ना बाई," आणि कुदळ चालवत राहायची.

तिनं आधी ऊन शोधलं. सकाळपासून संध्याकाळपर्यंत परसात जिथं जिथं उन्हाचा कवडसा पडेल तिथं मी चुन्याचा ठिपका द्यायचा, असं काम मला लावलं. सात ठिपके पडले. त्यातले दोन न्हाणीच्या दगडावर होते. मग तिनं वांग्याची आणि मिरचीची रोपं फुटक्या घागरींत आणि रॉकेलच्या डब्यांत लावली, आणि ऊन जसं सरकेल तसे डबे सरकवायचे असं ठरलं. सरकवणारी अर्थात मी. शाळेत जाण्याआधी डबे भिंतीशी, मधल्या सुट्टीत पळत येऊन न्हाणीपाशी, संध्याकाळी दारात. आषाढात ढग आले तेव्हा ऊन कुठं आहे हेच कळेना, आणि मी मनाला येईल तिथं डबे ठेवू लागले. एकदा दोन डबे अण्णांच्या खाटेवर ठेवले. रोपं दोन हात उंच झाली, काडीसारखी बारीक, आणि त्यांना फूल काही लागेना. मातीतल्या दोडक्यानं तर चार पानं काढून मान टाकली. दुधीचा वेल तेवढा शहाणा निघाला. त्यानं खाली वेळ घालवला नाही, सरळ चिंचेचा बुंधा धरला आणि उजेडाकडे चढत गेला. पण पानंच पानं, फळ नाही.

आणि धोपा आला. तुम्ही त्याला अळू म्हणता. तो मायनं लावला होता की आपोआप आला होता हे आजही मला नक्की सांगता येणार नाही, पण न्हाणीच्या पाण्यावर तो असा माजला की एकेका पानाखाली मांजर झोपू लागलं. त्याच्या शेजारी आलं, हळद आणि पुदिना. ज्यांना सावली हवी ते सगळे आनंदात. आमच्या घरात धोप्याच्या पातोड्या, म्हणजे तुमच्या अळूवड्या, धोप्याची पातळ भाजी, पुन्हा पातोड्या, असं सुरू झालं, आणि अण्णा ताटावर बसण्याआधी दबकत विचारायचे, "आज काय हाय?" पातोड्या खरोखर चांगल्या व्हायच्या. बेसनात चिंच आमच्याच झाडाची, वर तिळाचा खमंग वास. आज माझी सून त्याच पातोड्या करते आणि मी दहा-बारा खाते, डॉक्टरला दोन सांगते. पण त्या काळी धोप्याला कुणी बाग म्हणत नसे. तो मोरीवरही येतो, मग त्याचं कौतुक कशाला?

हे कौतुकाचं प्रकरण पुढं गळ्याशी आलं, ते म्हशीमुळे. कचेरीत अण्णांचे वरिष्ठ नाझरसाहेब, त्यांचं घर आमच्या भिंतीला लागून, आणि त्यांना परसच नव्हतं. त्यांची म्हैस गावाबाहेर गवळ्याकडे असायची आणि नाझरीणकाकूंची खात्री होती की गवळी दुधात पाणी घालतो. श्रावणात एके दिवशी नाझरसाहेब अण्णांना म्हणाले की तुमचं परस रिकामंच आहे, सावलीही आहे, म्हैस तिथं बांधू. वरिष्ठांना नाही म्हणणं अण्णांना ठाऊक नव्हतं. पण मायची आठवण झाली असावी, कारण ते चाचरत म्हणाले, "साहेब, मंडळींनी भाजीपाला लावला आहे. वांगी, दोडके, दुधी. फार बहरला आहे." नाझरसाहेब म्हणाले, ठीक, पोळ्यानंतर आमच्या घरचे येऊन पाहतील, बाग असेल तर राहू द्या. घरी येऊन अण्णांनी हे सांगितलं आणि मग माझ्याकडे पाहून, पायातल्या वहाणा काढता काढता, सहज मायला म्हणाले, "म्हैस आली त शेन-पानी गोदीले पाहा लागन. दुसरं पुस्तक झालं ना तिचं? नाव लिहिता येते, लय झालं. शाया बंद."

मला शाळा फार आवडायची असं नाही. पाढ्यांचा मला कंटाळा होता. पण शाळेत चंद्री होती, विहिरीवरची पेरू चोरायची वाट होती, तिसऱ्या पुस्तकात चित्रं होती ती मी अजून पाहिली नव्हती, आणि दहा वर्षांच्या मुलीला शेणाच्या पाटीपलीकडे जे जे काही होतं ते सगळं तिथंच होतं. त्या रात्री मी जेवले नाही. मायनंही आग्रह केला नाही. ती चुलीपुढं बसून राहिली आणि मला तिचा फार राग आला. पुढं कळलं की ती माझ्याइतकीच घाबरली होती.

नाझरीणकाकू पाहायला येणार त्याच्या दोन दिवस आधी बाजार होता. मी सकाळी धोप्याची चाळीस-पन्नास पानं आणि आल्याचे गड्डे टोपलीत भरले, मायला सांगितलं चंद्रीच्या आईला देते, आणि थेट बाजारात गेले. देऊळघाटची एक भाजीवाली तिथं बसायची, मोठ्या तोंडाची आणि मोठ्या मनाची. तिला म्हटलं, मावशी, हे घे आणि मला तीन कोवळे दुधी दे. ती म्हणाली, "काऊन व? घरी पाहुने येऊन राह्यले का?" मी म्हटलं, "हाव, सोयरीक हाय." कुणाची, ते तिनं विचारलं नाही. ते दुधी मी परकराच्या ओच्यात लपवून आणले, आणि माय पाण्याला गेली तशी चिंचेवर चढून वेलाच्या पानांत अंबाडीच्या दोरीनं बांधले. एक खालच्या फांदीला, दिसेल असा. दुसरा जरा वर. तिसरा अगदी आत, नुसता अंदाज यावा असा. खाली उतरून पाहिलं आणि मलाच खरं वाटलं. चिंचेनं आम्हाला जेवढा त्रास दिला होता तेवढा त्या दिवशी तिनं भरून दिला, कारण त्या अंधारात दोरी कुणाच्या बापाला दिसली नसती.

आता एक गोष्ट, जी आजच्या मुलांना सांगावी लागते. कोवळ्या फळाकडे बोट दाखवायचं नसतं. दुधी असो, काकडी असो, बोट दाखवलं की ते कुजून गळतं. दाखवायचंच तर बोट मुडपून, मूठ करून, नाहीतर हनुवटीनं दाखवायचं. चुकून बोट गेलंच तर लगेच ते दातांखाली धरून चावायचं, म्हणजे दोष जातो. त्यामुळे वेल पाहायला चार बायका जमल्या की लांबून पाहणाऱ्याला वाटावं, साऱ्यांच्या माना लचकल्या आहेत. नाझरीणकाकू आल्या तशा गल्लीतल्या भागाबाईही आल्या, त्यांना कुणी बोलावलं नव्हतं, त्यांना कधीच कुणी बोलावत नसे. काकू जाडजूड, गोऱ्या, ठसठशीत कुंकवाच्या. घरात त्या आणि नाझरसाहेब दोघंच, मूलबाळ नाही. आधी त्यांनी डब्यातली रोपं पाहिली आणि तोंड वाकडं केलं. धोप्याकडे पाहून म्हणाल्या, "हा त मोरीवर बी येते." मी त्या वेळेस चिंचेवर चढूनच बसले होते, वेल सावरायच्या निमित्तानं. मी वरून ओरडले, "काकू, दुधी पाहा!"

माय दचकली. तिनं वर पाहिलं, आणि तिचा चेहरा बदलला. काकूंनी हनुवटी उचलली. "एक त दिसला. अजून बी हाय का?" भागाबाईंनी मूठ करून दुसरा दाखवला. "अवो बाई, तिसरा बी हाय ना!" मी म्हटलं. काकू टाचा उंचावून, डोळे बारीक करून शोधू लागल्या. त्यांना खरंच कौतुक वाटू लागलं होतं, ते आवाजात कळत होतं. चिंचेखाली दुधी, हे त्यांनी कधी पाहिलं नव्हतं, मीही नव्हतं. "पोरी, तो खालचा तोडून दे बरं, हातात घेऊन पाह्यतो," त्या म्हणाल्या, आणि मी ऐकू न आल्यासारखं करून आत सरकले, कारण हातात घेतला की देठाला दोरी. तेवढ्यात त्यांना आतला तिसरा दिसला. "हाव व माय! तो पाह्य, तो!" असं म्हणत त्यांनी आनंदानं सरळ बोट उगारलं.

माझा हात त्या तिसऱ्याच्या गाठीवरच होता. ठरवलं वगैरे काही नाही. बोट दिसलं आणि मी गाठ सोडली.

दुधी फांद्यांवर दोनदा आपटत खाली आला आणि धोप्याच्या वाफ्यात धप्पकन पडून फुटला. नाझरीणकाकूंनी बोट तोंडात घातलं आणि असं चावलं की मला वरून दात रुतलेले दिसले. त्यांचे डोळे भरून आले होते. "म्या पाह्यलं नाही व," त्या मायला म्हणाल्या, "ध्यानातच नाही राह्यलं. तुमचा एवढा मेहनतीचा येल." चहाला थांबल्या नाहीत. संध्याकाळी नाझरसाहेबांनी निरोप धाडला की म्हैस गवळ्याकडेच राहील, बागेचं आणखी नुकसान व्हायला नको. मी परसात जाऊन धोप्याच्या पानांभोवती नाचले. मायनं फुटलेला दुधी उचलला, देठ नखानं दाबून पाहिला, माझ्याकडे पाहिलं, आणि आत जाऊन भाजी फोडणीला टाकली. अण्णा जेवताना म्हणाले, "घरच्या भाजीची चवच येगळी." माय म्हणाली, "हाव. दोन दिसाची शिळी हाय ना, मुरली." अण्णांना काही कळलं नाही. मला कळलं, आणि मी घास गिळायला पाणी मागितलं. तिनं पाणी दिलं. एवढंच.

हे इथंच संपलं असतं तर मी हे प्रकरण फुशारकीनं लिहिलं असतं. पण भागाबाईंना तोंड होतं. आठ दिवसांत गल्लीभर झालं की नाझरीणबाईचं बोट वाईट, बोट दाखवलं आणि डोळ्यांदेखत फळ गळालं. मग कुणाच्या मिरचीचा पाला आकसला, तर त्या वाटेनं नाझरीणबाई गेली होती. कुणाच्या गाईनं दूध आटवलं, तर तिनं गोठ्यात डोकावलं होतं. मूलबाळ नाही ते काय उगाच, असंही कुणी म्हणालं. आणि त्यातच भुलाबाईचे दिवस आले. आमच्याकडे भादव्याच्या पुनवेपासून महिनाभर पोरी टिपऱ्या घेऊन घरोघर भुलाबाईची गाणी म्हणत फिरतात, आणि प्रत्येक घरी झाकलेल्या डब्यातली खिरापत काय आहे ते डबा वाजवून ओळखायचं असतं. नाझरीणकाकूंना लेक नव्हती तरी दर वर्षी त्या भुलाबाई मांडायच्या, खिरापतही अशी करायच्या की ओळखता ओळखता पोरी रडकुंडीला याव्यात. त्या वर्षी पोरींच्या आयांनी बजावलं, त्या घरी जायचं नाही. पहिल्या संध्याकाळी आम्ही त्यांच्या दारावरून गेलो. सडा-रांगोळी झालेली, काकू उंबऱ्यात डबा घेऊन बसलेल्या. चंद्रीनं मला कोपर मारलं आणि आम्ही गाणं मोठ्यानं म्हणत पुढं गेलो. सगळ्यांत मोठा आवाज माझा होता. दुसऱ्या दिवशीही त्या बसल्या होत्या. चौथ्या दिवशी दार लावलेलं होतं.

बंद दार पाहून मला सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. वाटलं नाही. महिना संपत आला तसं मला पातोडीही गोड लागेना, आणि शेवटी मी मायला विचारलं, काय करू. ती भाकरी थापत होती. "सांगशीन त म्हैस येते," ती म्हणाली, "अन् शाया जाते. नाही सांगशीन त ती बाई घरातच बसते. आता तूच पाह्य." मी म्हटलं, तू सांग ना. ती म्हणाली, "म्या भाजी रांधली, म्या बी चूप बसली. माह्या तोंडानं काय सांगू?" मायला मी त्याआधी कधी मान खाली घालताना पाहिलं नव्हतं.

कोजागिरीच्या संध्याकाळी शेवटची भुलाबाई आमच्या परसात होती. सगळ्या पोरी, त्यांच्या आया, भागाबाई, सगळ्या चिंचेखाली जमल्या. मी मागच्या मागं निघून नाझरीणकाकूंच्या दारावर थापा मारल्या. दार उघडलं. त्यांच्या उजव्या हाताच्या बोटाला चिंधी गुंडाळलेली होती. "लागलं का काकू?" मी विचारलं. "नाही व," त्या म्हणाल्या, "आता बांधूनच ठेवतो. चुकून कोनाकडे जाऊ नाही म्हनून." आणि मग म्हणाल्या, "तुमचा येल कसा हाय? बरा हाय ना आता?" मला पुढं काही ऐकू आलं नाही. मी त्यांचा चिंधीचा हात धरला आणि ओढतच परसात आणलं. गाणं थांबलं. दोघी-तिघींनी आपली लेकरं पदराआड घेतली. मी बोलू लागले तर आवाज फुटला तो एकदम किंचाळल्यासारखा. दुधी बाजारातले होते. देऊळघाटच्या मावशीकडून आणले. दोरीनं बांधले. काकूंनी बोट दाखवलं म्हणून पडला नाही, मी गाठ सोडली. म्हैस येऊ नये म्हणून सोडली.

ओसरीवर अण्णा उठून उभे राहिले. त्यांच्या शेजारी कोजागिरीच्या दुधाला आलेले नाझरसाहेब बसलेले होते, हे मला तेव्हा दिसलं. माय पुढं आली आणि म्हणाली, "मले बी मालूम होतं." नाझरीणकाकूंनी सावकाश चिंधी सोडली, फेकली, आणि बोट ताठ करून माझ्याकडे रोखलं. "ही पोट्टी लबाड," त्या म्हणाल्या. मग बोट फिरू लागलं. "अन् ही? हिच्या लेकीचं बारसं म्या केलं. अन् ही? अन् ही भागाबाई?" बोट ज्या बाईकडे वळे ती बाई खाली वाके, भागाबाई तर धोप्यात शिरल्या. एवढं खोटं म्हणून सांगितलं होतं, तरी जी ती वाकत होती. शेवटी काकूंना ते पाहून हसू फुटलं, हसता हसता त्या रडल्या, आणि मायनं त्यांना पाटावर बसवलं. खिरापत ओळखायचा पहिला मान त्यांना दिला. त्यांनी डबा वाजवलाही नाही. "पातोड्या," त्या म्हणाल्या, "या घरी दुसरं काय असन?"

दुसऱ्या दिवशी सकाळी म्हैस आली. गवळी पुढं, ती मागं, काळीभोर, गळ्यात घंटा. तिनं आल्याबरोबर धोप्याची दोन पानं खाल्ली. अण्णा रात्रभर माझ्याशी बोलले नव्हते. आता म्हणाले, "पाटी ठेव, गोदे." मी पाटी कोनाड्यात ठेवली आणि हातात शेणाची टोपली घेतली. रडले नाही, कारण हे सगळं केलं होतं मीच. तेवढ्यात दारातून नाझरीणकाकू आत आल्या. पदर खोचलेला, हातात खराटा. "पाटी काऊन ठेवून राह्यली?" त्या म्हणाल्या, आणि अण्णांसमोर कधी न बोलणारी ती बाई त्यांच्याकडे पाहून बोलली, "भाऊ, म्हैस माही हाय. तिचं शेन मी काढीन. घरात बसून मले दुसरं काम काय हाय? दुपारी गोदीच्या मायजवळ बसीन. पोरीले शायेत धाडा." अण्णांनी मायकडे पाहिलं. माय कोनाड्याकडे गेली आणि पाटी माझ्या हातात दिली.

मी शाळेत पोचले तेव्हा पाढे सुरू झाले होते. गुरुजींनी उशिराचं कारण विचारलं. त्या दिवशी मला काहीही लपवायचं नव्हतं, म्हणून मी सगळं खरं सांगितलं. दुधी, दोरी, बोट, भागाबाई धोप्यात शिरल्या ते, नाझरीणबाई आमच्या परसात शेण काढत आहेत ते. गुरुजींनी खोटं बोलल्याबद्दल दोन छड्या दिल्या. मला हसू आवरेना, म्हणून तिसरी दिली. मग म्हणाले, "बस जागेवर." चंद्रीनं सरकून जागा केली आणि मी माझ्या जागेवर बसले.